वास आहे ना?

"थांब. आधी हुंग."

आईचा हा आवाज इतक्या वर्षांनंतरही तिच्या कानात जशाच्या तसा होता. लहानपणी ओठांशी नेलेला पेला त्या आवाजासरशी जागच्या जागी थांबायचा. आई दाराआड असो, मागच्या नळावर असो, पाठमोरी असो, लेकीच्या हातात पाणी आलं की तिला कळायचंच. मग हातातलं काम न थांबवता ती दोन ओळी गुणगुणायची. तिनेच जुळवलेल्या, तिच्याच चालीच्या.

हुंग गं माझे बाई, हुंग आधी पाणी,
दिसायला आरसा, पोटात काय कोण जाणी.

"इथं कुणी बसतंय का?"

ती दचकली. दुपारच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून ती आईच्या आवाजात हरवली होती. एक तरुण बाई खांद्यावर मूल घेऊन उभी होती आणि तिच्या शेजारच्या जागेकडे बोट दाखवत होती.

"नाही. बसा ना."

बाई बसली. अगदी खेटून बसली. खांद्यावरच्या मुलाने झोपेत मान फिरवली, आपलं इवलंसं नाक हिच्या डगल्याच्या बाहीत खुपसलं आणि तसंच झोपून गेलं.

ती ताठ बसून त्या नाकाकडे बघत राहिली.

तिच्या शेजारी कधी कुणी बसत नसे. ती टाकीवर कामाला लागली तेव्हापासून बस कितीही भरली तरी तिच्या बाजूची जागा रिकामी राहायची. लोक दांडीला लोंबकळत उभे राहत, पण बसत नसत. सुरुवातीला तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली. पुढेपुढे तर ती त्या जागेवर आपली पिशवी ऐसपैस ठेवू लागली. कंडक्टर म्हणायचा, "मावशी, तुमचं तिकीट दोघांचं फाडायला हवं. एक तुमचं आणि एक तुमच्या वासाचं."

आज तो कंडक्टरसुद्धा जवळ उभा राहून निवांत सुटे पैसे मोजत होता.

तिने हळूच मान वळवून स्वतःची बाही नाकाशी नेली. खोल श्वास घेतला. काहीच नाही. पण या 'काहीच नाही'ला काही अर्थ नव्हता. तिच्या नाकाला तीन हिवाळ्यांपासून कशाचाच वास येत नव्हता, आणि ही गोष्ट या जगात तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

*

ती जिथे काम करायची तिथे शहराच्या कडेला मुलाम्याच्या कारखान्यांची एक लांबच लांब गल्ली होती. लोखंडी तोट्या, कड्या, पट्ट्यांची बक्कलं, सायकलींची हँडलं काळीमिट्ट आत जायची आणि आरशासारखी चकचकीत होऊन बाहेर यायची. त्यांच्यावर निकेल चढायचं, जस्त चढायचं, तांबं चढायचं. जे चढायचं नाही ते धुवणाच्या पाण्यात उतरायचं. ते पाणी नळातून आणि टँकरमधून गल्लीच्या टोकाला असलेल्या टाकीकडे यायचं.

टाकी म्हणजे दुमजली घराएवढी, झाकणबंद, आतून काळोखी. त्या काळोखात जिवाणू राहायचे. डोळ्यांना न दिसणारे, हवेला न सोसणारे. त्यांना उजेड नको, वारा नको. रोज थोडी उसाची मळी घातली की झालं. ती खाऊन ते पाण्यातलं निकेल, जस्त, तांबं, कॅडमियम असं सगळं विष बांधून बांधून काळ्या भुकटीचं करून तळाशी टाकायचे. वरचं निवळलेलं पाणी बाहेरच्या चरातून ओढ्याला जायचं.

टाकीवरची माणसं त्यांना 'मंडळी' म्हणायची. सकाळी आल्या आल्या विचारायची, "मंडळी जेवली का?"

मंडळी जिवंत असल्याची खूण एकच, आणि ती म्हणजे वास. कुजक्या अंड्यासारखा, घशात बोट घातल्यासारखा, कपड्यांत, केसांत, नखांत बसणारा वास. जोवर वास तोवर श्वास, असं तिथे सगळेच समजून होते. वास मोजायचं एक यंत्र होतं, पण ते बिघडून दुरुस्तीला गेलं होतं आणि तिकडेच रमलं होतं. इंजिनियर मॅडम आठवड्यातून एकदा बाटलीत पाणी भरून तपासणीला पाठवायच्या. एरवी रोज सकाळी नमुन्याच्या तोटीखाली बरणी धरायची, झाकण उघडायचं, हाताने वारं घालत वास घ्यायचा आणि मॅडमना सांगायचं, हे काम तिचं.

"वास आहे ना, मावशी?" मॅडम खिडकीतून विचारायच्या.

"आहे."

"मग काळजी नाही. यंत्र येवो न येवो. तुमचं नाक आहे तोवर मी निवांत झोपते."

कधीकाळी हे खरं होतं. नुसत्या वासावरून तिला कळायचं की मंडळींना मळी कमी पडली, की कुठल्या कारखान्याने आज आम्ल जास्त सोडलं. टँकरवाले म्हणायचे, बाई नाही, मुंगी आहे.

मग एका हिवाळ्यात तिला जबरदस्त सर्दी झाली. सर्दी गेली, वास परत आला नाही. सर्दीनेच नेला की इतकी वर्षं टाकीच्या तोंडाशी उभं राहून राहून नाकच मेलं, कोण जाणे. तिला कळलं ते दूध करपलं तेव्हा. ती चुलीसमोर उभी होती, विचारात, आणि आतल्या खोलीतून नवरा ओरडत आला, "अगं, घर पेटवतेस का!" भांड्यातून काळा धूर निघत होता. ती कशीबशी हसली. "डोळा लागला हो उभ्या उभ्या," म्हणाली. पुढे तिने एकटीनेच लांबच्या एका डॉक्टरला नाक दाखवलं. तो म्हणाला, "हे आता परत यायचं नाही. काम कुठं करता तुम्ही?"

"शिवणकाम," ती म्हणाली. शिवणकाम तिचा नवरा करायचा.

सांगायला हवं होतं, हे तिला समजत नव्हतं का? समजत होतं. पण मुंगी म्हणून जिचं नाव झालं, तिने कुणाला काय सांगायचं? आणि सांगितलं तर टाकीवर तिचं काम काय उरणार? रोज सकाळी मॅडमच्या खिडकीसमोर उभं राहताना ती ठरवायची, आज सांगू. आणि रोज तोंडातून निघायचं, "आहे."

नाक गेलं तशी ती दुसऱ्यांच्या नाकांवर जगू लागली. रखवालदाराचा रुमाल किती वर चढलाय, बसमधली जागा रिकामी आहे का, नवरा काय म्हणतो, यावरून मंडळींची खुशाली ती ताडायची. म्हातारा रखवालदार काम सोडून लेकाकडे गेला तेव्हा तिचा धीर सुटला होता. पण तीन-चार दिवसांपूर्वी नवा आला तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांपर्यंत फडकं बांधून बसलेला. तिला हायसं वाटलं. मंडळी जोरात आहेत म्हणायची.

आणि आज हे मूल तिच्या बाहीत नाक खुपसून झोपलं होतं.

काल तिची सुट्टी होती. डगला धुतला होता, दोनदा साबण लावून. म्हणजे आठवडाभराचा जुना वास काल निघून गेला. आणि आज पहाटेपासून दुपारपर्यंत टाकीवर उभं राहून नवा वास लागलाच नव्हता.

*

घराच्या पायऱ्या चढताना तिचे पाय जड झाले. नवरा खिडकीशी मशीनवर बसला होता. रोज ती उंबऱ्यात आली की तो न बघताच म्हणायचा, "आली माझी अत्तराची बाटली!" आणि दोन बोटांनी नाक धरून पाय मारत राहायचा. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला हा विनोद शिळा वाटत नव्हता.

ती उंबऱ्यात उभी राहिली. मशीन खडखडत राहिलं.

"आलीस?" तो म्हणाला. "ऊन लई आहे का गं बाहेर?"

तिने डगला काढून हातात धरला.

"अहो, हा बाहेर टाकू ना दोरीवर?"

"कशाला? कालच तर धुतलास."

"हुंगून बघा बरं."

"काय?"

"बघा म्हणते ना."

त्याने मशीन थांबवलं. डगला घेतला, चष्मा कपाळावर सारला आणि कापडाचा पोत बघावा तसं तोंड त्यात घातलं. तिने श्वास रोखून धरला. 'शी' म्हण, ती मनात म्हणत होती. 'शी' म्हण, फेकून दे, नाक मुरड.

"साबणाचा येतोय," तो म्हणाला. मग हसला. "अगं, त्यांनी ते नवं झाकण बसवलं म्हणत होतीस ना, गुण आला की त्याला! चला, आता म्हातारपणी तरी बायकोजवळ नाक न धरता बसता येईल."

त्याने मशीनशेजारच्या बाकावरचे कापडाचे तुकडे बाजूला केले, तिच्यासाठी. असं त्याने कधी केलं नव्हतं. तिला बसावंसं वाटलं. बसावं आणि नव्या झाकणाचं म्हणणं खरं मानून टाकावं. खरंच होतं तेही. गेल्याच आठवड्यात टाकीला रबरी कडेचं नवं झाकण लागलं होतं. बाहेर वास येणार नाही, असं मॅडम म्हणाल्याच होत्या. पण नमुन्याच्या बरणीला कुठलं झाकण? रोज ती बरणी उघडायची, ते काळं पाणी तिच्या हातांवर, बाह्यांवर उडायचंच.

फोन वाजला. लेकीचा होता. लेक ओढ्याच्या वळणावरच्या वस्तीत राहायची, टाकीच्या खालच्या अंगाला.

"आई! अगं, तुझ्या टाकीने काय जादू केली?" तिचा आवाज नुसता फुलून आला होता. "दोन-तीन दिवस झाले, ओढ्याला वासच नाही! आणि पाणी म्हणशील तर काच! सगळी पोरं उतरलीत. ऐक, ऐक ओरडा."

फोनमधून पाण्यात उड्या मारल्याचे आवाज आले. पोरांचे चीत्कार आले. त्यात एक बारीक आवाज नातीचा, ठमीचा. ठमी चार हात लांबून फोनकडे तोंड करून ओरडत होती, "आजीऽऽ! मी बेडूक झालेऽऽ!"

"तिला बाहेर काढ."

"काय?"

"ठमीला बाहेर काढ पाण्यातून. आत्ता."

"का गं? काय झालं?"

"गार असतं पाणी. छाती भरेल तिची."

"या उन्हात?" लेक हसली. "बरं बाई, काढते. आणि हे बघ, ओढ्याकाठच्या विहिरीलासुद्धा आता वास नाही. त्या लांबच्या नळावर रांग लावून माझी कंबर गेली. मी आज दोन बादल्या विहिरीतूनच भरल्यात. अजून वापरल्या नाहीत हं. म्हटलं, आधी तू येऊन हुंग. तू हो म्हणालीस तर मग पिऊ. तुझं नाक खोटं बोलत नाही."

तिने फोन दुसऱ्या हातात घेतला.

"नको वापरू," ती म्हणाली. "मी सांगेपर्यंत नको."

त्या पाण्याने लगेच काही होत नसतं. तेच तर त्याचं वाईट. पोट दुखत नाही, ताप येत नाही. पोरं डुंबून घरी येतात, जेवतात, झोपतात. आणि ते मुकाट आत शिरतं, हाडांत, मूत्रपिंडांत जाऊन बसतं आणि पाहुणा घरचाच व्हावा तसं तिथेच राहून जातं.

तिने डगला पुन्हा चढवला.

"अगं, आत्ता तर आलीस. जेवून तरी जा," नवरा म्हणाला.

"मंडळींचं काहीतरी बिनसलंय वाटतं."

"त्यांना माझा नमस्कार सांग," तो मशीन सुरू करत म्हणाला. मग एकदम पाय थांबवून त्याने तिच्याकडे पाहिलं. "काय झालंय गं? चेहरा बघ तुझा."

"काही नाही," ती म्हणाली, आणि निघाली.

*

गल्लीत दोन्ही बाजूंना चकचकीत माल सुकत टांगला होता. तोट्यांच्या माळा, कड्यांचे घोस. चालताना प्रत्येक तोटीत तिला आपला चेहरा दिसत होता. लांबुळका, फुगलेला, घाबरलेला. शेकडो चेहरे तिच्याबरोबर चालत होते. रस्त्याच्या कडेने टाकीचा चर वाहत होता आणि त्यातलं पाणी इतकं नितळ होतं की तळाचा खडा न् खडा मोजावा. एरवी त्या पाण्यावर करडी साय असायची. दिसायला आरसा. तिने पाय उचलले. शेवटी शेवटी ती जवळजवळ धावतच होती.

फाटकावर नवा रखवालदार खुर्चीत बसला होता. फडकं तसंच, डोळ्यांपर्यंत.

"मावशी? परत?"

"हे फडकं का बांधतोस तू?" तिने दम खात विचारलं.

"आं?"

"फडकं. तोंडाला. का बांधतोस?"

त्याला वाटलं, बाई रागावली. त्याने घाईघाईने फडकं खाली ओढलं. गाल टम्म सुजला होता. "दाढ काढली हो. कामावर यायच्या आदल्या दिवशीच. वारा लागला की ठणका निघतो नुसता. मॅडमना विचारूनच बांधलंय."

"आणि वास? इथला वास?"

"कसला वास?" तो म्हणाला. "घरी सगळ्यांनी भीती घातली होती, की टाकीवर जातोस, उलट्या करशील. मी आलो तर काहीच नाही! म्हटलं, लोक उगाच नावं ठेवतात."

सुजलेल्या गालाच्या फडक्यावर विसंबून ती इतके दिवस खिडकीसमोर "आहे" म्हणत आली होती.

टाकी उन्हात उभी होती. तिच्या लोखंडी अंगाला तिने कान लावला. रोज आतून बारीक गुडगुड ऐकू यायची, भरल्या घरातून येते तशी. कुणी बोलतंय, कुणी भांडी हलवतंय, कुणी हसतंय. इतक्या वर्षांत तिने आपल्या सुखदुःखाच्या कितीतरी गोष्टी या पत्र्याला कान लावून त्या गुडगुडीला सांगितल्या होत्या. आज आत काही हलत नव्हतं. तिने दुसऱ्या जागी कान लावला. मग तिसऱ्या. घरातली सगळी माणसं दार लावून कुठेतरी निघून गेल्यासारखी शांतता.

"मंडळी," ती पुटपुटली, "जेवला नाहीत का गं?"

तोटीखाली बरणी धरली. पाणी आलं ते काळंच होतं, म्हणून सकाळी तिला काही कळलं नव्हतं. पण आता ती हलली नाही. बरणी उंबऱ्याएवढ्या दगडावर ठेवून बघत राहिली. काळं हळूहळू तळाला बसलं. वर एकही बुडबुडा आला नाही.

"इकडे ये जरा," तिने रखवालदाराला हाक मारली. "हे हुंग. जवळ नाही, लांबून. हाताने वारं घाल असं."

त्याने नाक पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं.

"दवाखाना!"

"काय?"

"दवाखान्याचा वास आहे, मावशी. दाढ काढली ना, तिथं कपाटात बाटल्या होत्या, तसला. नाकात झोंबतो. तुम्हाला नाही येत?"

ती मागे सरकली. पाठीला टाकी लागली.

मेलेलं जसंच्या तसं राहावं म्हणून बरण्यांत घालतात, ते औषध. तांब्याचा मुलामा चढवणारेही ते वापरतात. वापरून झालं की वेगळ्या पिंपात भरून वेगळीकडे पाठवायचं, टाकीत चुकूनही नाही, मंडळी मरतात, असा नियम. पाठवायला खर्च येतो म्हणून कुणीतरी ते टँकरच्या पाण्यात मिसळलं असणार.

तो टँकर तिला आठवला. पाच दिवसांपूर्वीची सकाळ, वारा सुटला होता. ड्रायव्हर खाली उतरला नव्हता, काच वर करून आत बसला होता. काच थोडीशी खाली करून म्हणाला होता, "हुंगा मावशी. तुमच्या नाकाखालून गेलं की झालं." तिने टँकरमधलं मगभर पाणी काढून घेतलं होतं. आम्ल तपासायचा कागद बुडवून रंग पाहिला, रंग बरोबर होता. आणि मग चारचौघांसमोर करायची तशी डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून, हाताने वारं घालत दीर्घ श्वास घेतला होता. डोळे चुरचुरले होते. पाणी आलं होतं डोळ्यांत. तिला वाटलं, वारा आहे.

"सोड," ती म्हणाली होती.

तिच्या नाकाला जे कळलं नाही ते तिच्या डोळ्यांनी रडून सांगितलं होतं. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

ती बाहेरच्या चराच्या चाकाशी गेली. चाक फिरवलं की चर बंद. चर बंद झाला की पाणी मागे तुंबणार, मागचा खड्डा भरून त्याची घंटा वाजणार, सगळी गल्ली थांबणार. आणि मग कुणीतरी विचारणार, का. चाकावर हात ठेवून ती क्षणभर तशीच उभी राहिली. नाही फिरवलं तर? आठवड्याची तपासणी परवा होतीच. त्यात निघेल ते निघेल. झाकणावर जाईल, टँकरवर जाईल. तिला कोण विचारणार होतं?

मी बेडूक झाले, आजी.

तिने दोन्ही हातांनी चाक फिरवलं. ते घट्ट होतं. रखवालदार गाल धरून धावत आला आणि त्यानेही जोर लावला. चरातलं पाणी बारीक झालं, धार झाली, थेंब झाले, थांबलं.

थोड्याच वेळात घंटा वाजू लागली.

*

मॅडम ऑफिसातून धावत आल्या. केसात पेन्सिल खोचलेली, एका पायातली चप्पल निसटलेली.

"कुणी बंद केलं? मावशी? अहो, सगळे कारखानदार माझा जीव घेतील!"

"मंडळी गेली, मॅडम," ती म्हणाली. "त्यात औषध आलंय. मेलेलं टिकवायचं. बरणीत बघा."

मॅडमनी बरणी उचलली. हुंगली. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मग त्या दगडावरच बसल्या.

"अरे देवा," त्या म्हणाल्या. "आणि मी... आज सकाळीच वस्तीतल्या लोकांचा फोन आला, वास गेला म्हणून आभार मानायला. मी झाकणाचं कौतुक सांगत बसले त्यांना. तिथे विहीर आहे हो, मावशी. लोक पाणी..." त्या एकदम उठल्या. "आत्ता गाडी पाठवते. ओढ्याकडे कुणी जाऊ नये, विहिरीचं घेऊ नये, सगळ्यांना सांगायला हवं. ताबडतोब."

जाता जाता त्या वळल्या, आणि त्यांनी तिचे दोन्ही हात हातात घेतले.

"मावशी, आज तुम्ही नसता तर परवापर्यंत हे असंच वाहत राहिलं असतं. सुट्टी झाल्यावर परत आलात! नवी मंडळी आणू आपण दुसऱ्या टाकीवरून. वाढवू परत. आणि यापुढे एक थेंबसुद्धा तुमच्या नाकाखालून गेल्याशिवाय आत घ्यायचा नाही. कळलं? तुमच्या नाकाने वाचवलं आज."

किती सोपं होतं. मॅडमनीच सगळं जुळवून दिलं होतं. तिने फक्त गप्प राहायचं. उद्या नवी मंडळी येतील, मळी खातील, आणि ती त्यांच्या दाराशी उभी राहून पुन्हा डोळे मिटून मान वाकडी करेल.

"पण हे आत आलं कसं?" मॅडम आता रखवालदाराकडे बघत होत्या. "मावशी हुंगून घेतात, त्यांच्या हातून हे जाणं शक्यच नाही. म्हणजे त्या नसताना कुणीतरी आत सोडलं. तू नवीन आहेस. कुणाचा टँकर सोडलास? खरं सांग."

"मी?" रखवालदार गाल धरून थिजला. "नाही हो मॅडम. आईशपथ. मला तर कुलूपसुद्धा नीट उघडत नाही अजून."

"मग काय ते उडत आलं?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत संशय नव्हता. नुसती विनवणी होती. मावशी, तुम्ही सांगा ना यांना.

तिच्या डगल्याच्या खिशात फोन वाजला. लेक.

"आई, ठमीला काढली हं बाहेर. रडून गोंधळ घातला तिने. आता बादलीशी बसलीय, सारखी विचारतेय, आजीला विचार ना, पिऊ का." लेक हसत होती. "मी हुंगलं बाई, मला तर काही वास येत नाही. बघ, तू म्हणशील तसं. हो म्हण, नाहीतर नाही म्हण."

घंटा अजून वाजत होती. मॅडम समोर उभ्या होत्या, रखवालदार उभा होता, पाठीमागे ती मुकी टाकी उभी होती. आणि कुठूनतरी, दाराआडून, मागच्या नळावरून, आईचा आवाज आला. थांब.

"ओत," ती म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. ठमीला आधी बाजूला घे. आणि शेजारच्या सगळ्या घरांत जाऊन सांग, विहिरीचं पाणी कुणी घेऊ नका. टाकीवरचं माणूस येतंय मागून सांगायला, तोवर तू सांग."

"अगं पण आई, खरंच काही वास नाही. तू येऊन एकदा हुंगून तर बघ."

"मी हुंगून काय करू?" तिचा आवाज फाटला. तिने मॅडमकडे पाहिलं, आणि मग नजर न हलवता फोनमध्ये बोलत राहिली, सावकाश, प्रत्येक शब्द त्या दोघांनाही ऐकू जाईल असा. "ऐक. यापुढे पाण्याचं मला विचारू नकोस. इथे आला तो टँकर मीच हुंगला आणि मीच आत सोडला. दुसऱ्या कुणी नाही. मला वास येत नाही, बाळा. तीन हिवाळे झाले. या टाकीचा येत नाही, तुझ्या बाबांच्या सदऱ्याचा येत नाही, ठमी कुशीत शिरते तेव्हा तिच्या केसांचा येत नाही. कशाचाच येत नाही."